दूरचित्रवाणी मालिकांचा तबकडी-संग्रह आणि स्ट्रीमिंगचे युग : रायगड किनारपट्टीच्या संदर्भात

प्रास्ताविक

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. कालांतराने तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील घराघरांत दूरचित्रवाणी पोहोचली. मराठी कुटुंबाची भाषा, पोशाख, नातेसंबंध व विनोद यांचे गेल्या अर्धशतकातील चित्र पाहावयाचे असेल, तर दूरचित्रवाणी मालिका हे महत्त्वाचे साधन ठरते. मात्र हे साधन कोणाजवळ व किती काळ राहणार, हा प्रश्न अद्याप पुरेसा विचारात घेतला गेलेला नाही. प्रस्तुत लेखात मालिकांच्या तबकड्यांचा संग्रह स्ट्रीमिंगच्या काळातही का आवश्यक आहे आणि किनारी हवामानात तो टिकविण्यासाठी काय करावे लागते, याचे विवेचन केले आहे.

संग्रह आणि वर्गणी यांतील भेद

तबकडी विकत घेणारा त्या प्रतीचा मालक होतो. याउलट, स्ट्रीमिंगची वर्गणी भरणाऱ्यास केवळ पाहण्याची मुभा मिळते व ती सेवा देणाऱ्या कंपनीच्या करारांवर अवलंबून असते. ३१ मार्च २०२३ रोजी 'गेम ऑफ थ्रोन्स'सह एचबीओच्या मालिका भारतातील डिस्नी प्लस हॉटस्टारवरून हटविण्यात आल्या. त्या पाहण्यासाठी प्रेक्षकांना दुसऱ्या सेवेकडे वळावे लागले. 'वेस्टवर्ल्ड' ही मालिका डिसेंबर २०२२ मध्ये एचबीओ मॅक्सवरून काढण्यात आली. परंतु तिच्या तबकड्या उपलब्ध असल्याने ती संग्राहकांजवळ राहिली. 'विलो' ही मालिका मे २०२३ मध्ये, प्रदर्शनानंतर सुमारे सहा महिन्यांत, डिस्नी प्लसवरून हटविली गेली. तिची तबकडी निघालीच नव्हती. या दोन उदाहरणांतील अंतर हेच संग्रहाचे खरे मूल्य होय.

तबकडीची क्षमता व मराठी मालिका

व्हीसीडीवर सुमारे ७४ मिनिटांचे चित्रण मावते. म्हणजे बावीस मिनिटांचे तीन भाग. ४.७ गिगाबाइट क्षमतेच्या डीव्हीडीवर उत्तम दर्जाचे पाच ते सहा भाग बसतात. त्यामुळे मर्यादित भागांची मालिका तबकडीस अनुकूल ठरते. श्याम बेनेगल दिग्दर्शित 'भारत एक खोज' (१९८८) या ५३ भागांच्या मालिकेचा डीव्हीडी संच निघाला, तो त्यामुळेच व्यवहार्य ठरला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'दामिनी'पासून मराठीत दैनंदिन मालिकांची परंपरा रुजली. एक हजार भागांची मालिका पाच भागांच्या हिशेबाने दोनशे डीव्हीडी मागते. असा संच काढणे निर्मात्यास व घेणे ग्राहकास परवडत नाही. परिणामी आठवड्यातून एकदा दिसणाऱ्या जुन्या मालिकांना तबकडीचा आश्रय मिळण्याची शक्यता तरी होती. दैनंदिन मालिका मात्र सर्वस्वी वाहिन्यांच्याच स्वाधीन राहिल्या.

तबकड्यांचा पुरवठाही आटत आहे. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या भारतीय कंपनीने अत्यंत स्वस्त दरात चित्रपटांच्या व्हीसीडी व डीव्हीडी बाजारात आणल्या होत्या. २०१८ मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश झाला. नव्या लॅपटॉपमध्ये तबकडी वाचणारे यंत्र सहसा नसते. म्हणून संग्रहासोबत चालू स्थितीतील प्लेअर जपणेही क्रमप्राप्त आहे.

किनारी हवामानाचे आव्हान

तबकडी पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची असून तिच्यात ॲल्युमिनियमचा परावर्तक थर असतो. सीडी व व्हीसीडीमध्ये हा थर छापील बाजूस लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. म्हणून त्या बाजूचा ओरखडा अधिक घातक ठरतो. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो. घरी मुद्रित केलेल्या तबकडीत माहिती सेंद्रिय रंगद्रव्यावर नोंदली जाते व ते उष्णता, प्रकाश आणि आर्द्रता यांमुळे फिके पडते.

तबकड्यांसाठी २० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानली जाते. अलिबाग, मुरूड व श्रीवर्धन येथे पावसाळ्यात ती दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर असते. २००१ साली स्पेनमधील संशोधकांना बेलिझ या उष्ण व दमट देशातून आलेल्या सीडीत शिरून तिचे थर नष्ट करणारी बुरशी आढळली होती. कोकणच्या पावसाळ्यात अशा धोक्याकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागनजीक धडकले, तेव्हा दोन्ही माध्यमांच्या मर्यादा एकदमच उघड झाल्या. वीज व दूरसंचार सेवा अनेक गावांत कित्येक दिवस बंद राहिल्याने स्ट्रीमिंग निरुपयोगी ठरले. दुसरीकडे, घरांची छपरे उडून पावसाचे पाणी आत शिरले. अशा स्थितीत कपाटातील कोणताही संग्रह सुरक्षित राहू शकत नाही. म्हणून तबकड्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलसह, उभ्या ठेवाव्यात. डबे जमिनीपासून उंचावर, परंतु छपरालगत नसावेत. तबकडी मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी. गोलाकार पुसू नये. वर्षातून एकदा, शक्यतो दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत, प्रत्येक तबकडी चालवून पाहावी.

कायदा व महाविद्यालयीन ग्रंथालय

१९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशित ग्रंथाची प्रत मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांत जमा करावी लागते. दूरचित्रवाणी मालिका या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. प्रतिलिपी अधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभा बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांना मिळाली. तथापि ग्रंथालयाजवळ मूळ कृतीची अंकीय नसलेली प्रत असावी, अशी अट आहे. डीव्हीडी स्वतःच अंकीय असल्याने या तरतुदीचा आधार तिला सहजासहजी मिळत नाही. म्हणून मूळ तबकडीचे जतन हाच निर्विवाद मार्ग उरतो.

समारोप

किनाऱ्यावर दीर्घकालीन नोंदी घडत नाहीत, असे नाही. अलिबागची भूचुंबकीय वेधशाळा १९०४ पासून अखंड नोंदी घेत आली आहे व त्या नोंदींचे मोल त्यांच्या सातत्यात आहे. समाजजीवनाच्या नोंदीलाही हाच न्याय लागू होतो. जिल्ह्यातील महाविद्यालयीन ग्रंथालयांनी खासगी संग्राहकांकडील मालिकांच्या मूळ तबकड्यांची सूची करावी, देणगी म्हणून मिळतील त्या स्वीकारून त्यांची दाखलनोंद ग्रंथांप्रमाणेच ठेवावी. स्ट्रीमिंगमुळे पाहणे सुलभ झाले, हे निःसंशय. परंतु उद्याच्या अभ्यासकास पुरावा लागेल, तेव्हा तो कोणीतरी जपून ठेवलेला असावा लागेल.