पाळीआधारित व्यूहनीती खेळांतील गुणस्पर्धा

पाळीआधारित व्यूहनीती खेळांतील गुणस्पर्धा म्हणजे खेळाडू आळीपाळीने चाली करतात अशा व्हिडिओ गेममध्ये केवळ डाव जिंकण्यावर न थांबता, डावाअखेर मिळणारी गुणसंख्या शक्य तितकी वाढवण्याची चढाओढ होय. ही चढाओढ खेळाडू स्वतःच्या आधीच्या विक्रमाशी, इतर खेळाडूंशी किंवा खेळातच दिलेल्या मानांकनाशी करतो. गुण मोजण्याचे सूत्र खेळाडूंच्या सवयींवर खोल परिणाम करते. डाव कधी संपवायचा, युद्ध करायचे की टाळायचे, कोणती साधने वापरायची आणि कोणती राखून ठेवायची, हे निर्णय अनेकदा खेळाच्या कथाविषयापेक्षा या सूत्रावरून ठरतात. सिव्हिलायझेशन, ॲडव्हान्स वॉर्स आणि फायर एम्ब्लेम या मालिका याची ठळक उदाहरणे आहेत.

पार्श्वभूमी

व्हिडिओ गेममधील गुणतक्त्याची परंपरा नाण्यावर चालणाऱ्या आर्केड यंत्रांपासून सुरू झाली. तेथे डाव सहसा खेळाडूच्या पराभवानेच संपत असे. त्यामुळे गुणसंख्या हेच कौशल्याचे मुख्य माप होते. व्यूहनीती खेळांत विजयाच्या अटी स्वतंत्रपणे दिलेल्या असतात. शत्रूची राजधानी घेणे, अवकाशयान पाठवणे किंवा ठरावीक प्रदेश ताब्यात घेणे या त्यांपैकी काही होत. अशा खेळात गुणसंख्या हे विजयाच्या जोडीला आलेले दुसरे माप ठरते. ही दोन मापे एकाच दिशेला नेत असतील तर प्रश्न उद्भवत नाही. ती भिन्न दिशांना नेऊ लागली की खेळाडूला निवड करावी लागते.

पाळीआधारित रचनेमुळे ही निवड अधिक तीव्र होते. वेळेचे बंधन नसल्याने खेळाडू प्रत्येक चालीपूर्वी हवा तेवढा विचार करू शकतो, हिशेब मांडू शकतो आणि बहुतेक एकल खेळांत डाव जतन करून मागेही जाऊ शकतो. हाताच्या चपळाईला येथे फारसे महत्त्व नसल्यामुळे चिकाटी आणि गणित यांच्या बळावर गुण वाढवता येतात.

सिव्हिलायझेशन मालिका

सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी रचलेला सिव्हिलायझेशन हा खेळ मायक्रोप्रोज या कंपनीने १९९१ साली प्रकाशित केला. एका संस्कृतीला प्राचीन काळापासून अवकाशयुगापर्यंत नेणे हा त्याचा विषय आहे. या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक आनंदी नागरिकाचे २, समाधानी नागरिकाचा १ आणि प्रत्येक जागतिक आश्चर्याचे २० गुण मिळत, तर प्रदूषित झालेल्या प्रत्येक चौकोनामागे १० गुण वजा होत. ही मोजणी मुख्यतः अखेरच्या स्थितीवर अवलंबून होती. साहजिकच शेवटच्या काही पाळ्यांत करउत्पन्नाचा मोठा वाटा चैनीकडे वळवून नागरिकांना आनंदी करणे आणि प्रदूषण साफ करून घेणे फायद्याचे ठरे. राज्यकारभाराच्या दृष्टीने या उपायांना फारसा अर्थ नव्हता, कारण डाव त्यानंतर लगेच संपणार असे.

डाव संपल्यावर खेळाडूची तुलना प्रसिद्ध नेत्यांशी करण्याची पद्धतही या मालिकेत रूढ झाली. उदाहरणार्थ, २००५ मधील चौथ्या आवृत्तीत यादीच्या शिखरावर ऑगस्टस सीझर, तर तळाशी अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल यांचे नाव आहे. ही तुलना विनोदी असली तरी जिंकलेल्या खेळाडूलाही आपला विजय कमी दर्जाचा होता असे वाटू शकते, आणि तो पुन्हा डाव मांडतो.

गुणांचे दोहन

सूत्रामुळे सवय कशी घडते याचे सर्वांत अभ्यसनीय उदाहरण २००१ साली आलेल्या सिव्हिलायझेशन ३ मध्ये आढळते. या आवृत्तीत ताब्यातील भूभाग आणि आनंदी व समाधानी नागरिकांची संख्या यांवरून प्रत्येक पाळीला गुण काढले जातात. त्यांची संपूर्ण डावातील सरासरी घेतली जाते आणि ती काठिण्यपातळीनुसार वाढवली जाते. लवकर जिंकल्यास काही वाढीव गुणही मिळतात. सरासरीच्या पद्धतीमुळे शेवटच्या क्षणी केलेल्या डागडुजीचे महत्त्व कमी झाले. मात्र तिच्यातून एक वेगळीच सवय निर्माण झाली.

समजा, एखाद्या खेळाडूची ३००व्या पाळीपर्यंतची सरासरी २,००० गुण आहे आणि त्याचे साम्राज्य आता इतके मोठे झाले आहे की यापुढे दर पाळीला ५,००० गुण मिळू शकतात. त्याने तेव्हाच विजय मिळवला तर सरासरी २,००० वरच थांबेल. परंतु त्याने डाव ५४०व्या, म्हणजे शेवटच्या पाळीपर्यंत लांबवला तर सरासरी सुमारे ३,३३३ होईल. लवकर जिंकल्याचे वाढीव गुण गमावूनही मोठ्या नकाशावर हा सौदा फायद्याचा ठरू शकतो. चालू पाळीचे गुण आजवरच्या सरासरीपेक्षा जास्त आहेत तोपर्यंत डाव लांबवण्याने सरासरी वाढतच जाते.

त्यामुळे गुणांच्या मागे लागलेला खेळाडू विजय टाळू लागतो. या आवृत्तीत जगाचा सुमारे ६६ टक्के भूभाग आणि तितकीच लोकसंख्या हाती आली की वर्चस्वाच्या अटीने डाव आपोआप संपतो. म्हणून खेळाडू आपला भूभाग त्या मर्यादेच्या किंचित खाली ठेवतो आणि उरलेल्या जमिनीवर एखादा दुर्बळ शत्रू मुद्दाम जिवंत राहू देतो. एकूण १,००,००० सांस्कृतिक गुण झाल्यासही डाव संपू शकतो, म्हणून देवळे व ग्रंथालये बांधण्यावर तो लगाम घालतो किंवा विजयाची ती अटच सुरुवातीला बंद करतो. यानंतर इ.स. २०५० पर्यंत उरतो तो केवळ कारभार. शेतांना पाणी देणे, लोहमार्ग टाकणे, चैनीच्या वस्तू मिळवणे आणि बाजारपेठा बांधून नागरिकांना आनंदी ठेवणे अशी कामे शेकडो पाळ्या चालू राहतात. खेळाडू या प्रकाराला ‘मिल्किंग’, म्हणजे दोहन, असे म्हणतात. डावाचा निकाल केव्हाच लागलेला असतो. तरीही या टप्प्यात खेळाडूचे अनेक तास खर्च होतात, आणि हे काम कंटाळवाणे असल्याची कबुली ते करणारे खेळाडूच देतात.

सिव्हिलायझेशन ४ मध्ये समीकरण बदलले. लोकसंख्या, भूभाग, तंत्रज्ञान आणि आश्चर्ये यांवरून गुण काढताना विजय जितका लवकर मिळेल तितकी अंतिम संख्या वाढेल अशी योजना करण्यात आली. परिणामी गुणतक्त्यातील चढाओढ उलट दिशेला वळली. शांततेने दीर्घकाळ उभारणी करण्यापेक्षा शेजाऱ्यांची शहरे लवकर जिंकून भूभाग व लोकसंख्या मिळवणे आणि डाव चटकन संपवणे अधिक लाभाचे ठरले. खेळाचा विषय तोच होता, परंतु सूत्र बदलताच संयमी कारभाऱ्याच्या जागी घाईचा विजेता आला.

पदश्रेणी असलेले खेळ

इंटेलिजंट सिस्टिम्स या जपानी कंपनीच्या खेळांत प्रत्येक मोहिमेनंतर किंवा संपूर्ण डावानंतर श्रेणी देण्याची पद्धत आढळते. २००१ मधील ॲडव्हान्स वॉर्समध्ये वेग, सामर्थ्य आणि तंत्र या तीन घटकांना प्रत्येकी १०० गुण आहेत. वेगाचे गुण मोहीम किती दिवसांत संपली यावर, तर तंत्राचे गुण स्वतःची किती पथके गमावली यावर ठरतात. सामर्थ्याचे गुण मात्र एकाच दिवसात शत्रूची जास्तीत जास्त किती पथके नष्ट केली यावर अवलंबून असतात. त्यामुळे समोर आलेले पथक लगेच नष्ट करण्याऐवजी अनेक पथकांना आधी जर्जर करून ठेवायचे आणि मग एकाच दिवशी सर्वांचा निकाल लावायचा, अशी सवय खेळाडूंना लागते.

फायर एम्ब्लेम मालिकेतील २००३ च्या खेळात डावपेच, जिवंत राहिलेले सैनिक, धन, अनुभव आणि लढाई अशा निकषांवर श्रेणी दिली जाते. यातील काही निकष परस्परविरोधी आहेत. कमी पाळ्यांत मोहीम संपवली तर सैनिकांना अनुभव मिळवण्यास वेळ उरत नाही, आणि अनुभवासाठी रेंगाळल्यास डावपेचांची श्रेणी घसरते. धनाच्या निकषामुळे मौल्यवान वस्तू खर्च न करता राखून ठेवण्याकडे कल होतो. निकष एकमेकांना ताणत असल्यामुळे येथे कोणतीही एकच युक्ती शेवटपर्यंत पुरत नाही. एकाच आकड्यावर अवलंबून असलेल्या पद्धतीपेक्षा ही रचना म्हणूनच वेगळी ठरते.

सामायिक सवयी

गुणस्पर्धेतून निर्माण होणाऱ्या काही सवयी अनेक खेळांत समान आढळतात.

• प्रारंभाची निवड: नकाशा यादृच्छिक असल्यास सुपीक जमीन व चांगली साधने मिळेपर्यंत खेळाडू पुन्हा पुन्हा नवा डाव सुरू करतो.

• मागे जाणे: लढाईचा निकाल प्रतिकूल लागल्यास जतन केलेला डाव उघडून तीच चाल पुन्हा केली जाते.

• सूक्ष्म व्यवस्थापन: प्रत्येक शहर व प्रत्येक कामगार दर पाळीला हाताने हलवला जातो. सिव्हिलायझेशन ३ मध्ये एखादी वस्तू बांधून उरलेले उत्पादन वाया जात असल्याने हे काम विशेष वाढले होते.

• धोका टाळणे: आधीचा विक्रम राखण्यासाठी अनोळखी चाल न करता सिद्ध झालेला क्रमच गिरवला जातो.

रचनाकार व खेळाडू यांचे उपाय

सिव्हिलायझेशन ३ चे सहरचनाकार व चौथ्या आवृत्तीचे मुख्य रचनाकार सोरेन जॉन्सन यांनी २०११ मध्ये लिहिलेल्या एका लेखात या प्रश्नाचा ऊहापोह केला. संधी मिळाल्यास खेळाडू अधिक लाभासाठी खेळातील गंमतच काढून टाकतात, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे. यावरून दोष खेळाडूचा नसून त्या वाटेला बक्षीस देणाऱ्या नियमांचा आहे, असा निष्कर्ष निघतो. सिव्हिलायझेशन ३ मध्ये जंगल तोडून उत्पादन मिळवायचे, तेथेच पुन्हा झाडे लावायची आणि पुन्हा तोडायची, असे अखंड चक्र खेळाडूंनी शोधले होते. पुढे एका जागेवरून हा लाभ एकदाच मिळेल असा नियम करण्यात आला. चौथ्या आवृत्तीत उरलेले उत्पादन पुढील बांधकामाला मिळू लागले. तसेच जतन केलेला डाव पुन्हा उघडून तीच चाल केल्यास तोच निकाल यावा, अशी व्यवस्थाही या दोन्ही आवृत्त्यांत आहे.

खेळाडूंच्या समुदायांनी स्वतःचेही नियम तयार केले. सर्व स्पर्धकांना एकच नकाशा देणे, एकदाच खेळण्याची मुभा ठेवणे, मागे जाण्यास बंदी घालणे आणि सर्वाधिक गुणांबरोबरच सर्वांत लवकर मिळवलेल्या विजयाची वेगळी नोंद ठेवणे हे त्यांतील प्रमुख नियम होत. यामुळे चिकाटीपेक्षा निर्णयक्षमतेला अधिक वाव मिळाला.

मूल्यमापन

गुणस्पर्धेचे लाभही आहेत. मोठ्या व्यूहनीती खेळांत विजय कोणाचा हे अनेकदा शेवटच्या बरेच आधी स्पष्ट होते. तेथून पुढे काळजीपूर्वक खेळण्याचे कारण गुणसंख्येमुळे मिळते. खेळातील अप्रकाशित सूत्रे शोधणे, ती पडताळणे व इतरांना समजावून सांगणे ही कामे बहुतांशी अशाच स्पर्धकांनी केली आहेत.

दुसऱ्या बाजूने, एखादे माप उद्दिष्ट बनले की ते चांगले माप राहत नाही, या गुडहार्टच्या नियमाचे हे खेळ स्पष्ट उदाहरण आहेत. हा नियम ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या १९७५ मधील चलनविषयक मांडणीवरून ओळखला जातो. तत्त्वज्ञ सी. थी न्गुयेन यांनी २०२० मधील आपल्या ग्रंथात खेळांतील गुणांविषयी असा विचार मांडला आहे की, खेळापुरते स्वीकारलेले स्पष्ट व सोपे उद्दिष्ट हीच खेळाची ताकद असते, मात्र तसेच सोपे आकडे खेळाबाहेरील जीवनातील गुंतागुंतीच्या मूल्यांची जागा घेऊ लागले तर ते हानिकारक ठरते.

सिव्हिलायझेशनच्या आवृत्त्यांची तुलना केल्यास दिसते की गुणसूत्र ही खेळाच्या शेवटी केलेली तटस्थ नोंद नसते. प्रत्यक्षात ते नियमांचाच एक भाग म्हणून काम करते. अखेरच्या स्थितीवरील मोजणीने शेवटच्या क्षणाची डागडुजी, सरासरीने दोहन आणि वेगाच्या बक्षिसाने झटपट विजय घडवून आणला. एखाद्या गुणतक्त्यातील क्रमांकावरून खेळाडूचे कौशल्य ठरवण्यापूर्वी त्या तक्त्याचे सूत्र कशाला बक्षीस देते हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.