अवजड वाहने वळतात, तेव्हा धोका डावीकडे असतो

गळीत हंगाम सुरू झाला की दौंड तालुक्यातील रस्त्यांचे रूप पालटते. पुणे-सोलापूर महामार्गावरील चौफुल्याहून एक रस्ता केडगावमार्गे शिरूरच्या दिशेने, तर दुसरा सुप्याकडे जातो. मालाचे ट्रक, दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, दुचाकीस्वार आणि सायकलवरून शाळेला निघालेली मुले अशा रस्त्यांवर एकत्र येतात. ट्रक बंद करता येत नाहीत. ऊस कारखान्याला आणि माल बाजाराला जायलाच हवा. म्हणून प्रश्न उरतो तो रस्त्याच्या रचनेचा.

लांब वाहन वळताना त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती वळणाच्या आतल्या बाजूने सरकतात. डावीकडे वळण्यासाठी ट्रक आधी थोडा उजवीकडे जातो. डावीकडे मोकळी जागा दिसते आणि दुचाकीस्वार तिथे शिरतो. आपल्याकडे चालक उजव्या बाजूला बसतो, त्यामुळे केबिनच्या डाव्या अंगाचा बराच भाग त्याला दिसत नाही. अपघात घडतो तो नेमका इथेच.

दुसरा मुद्दा वेगाचा. ताशी 40 किलोमीटर वेगात चालकाला ब्रेक दाबायला दीड सेकंद लागला, तर तेवढ्यात वाहन सुमारे 17 मीटर पुढे गेलेले असते. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. सरासरी वेग 1 टक्क्याने वाढला तरी जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे 4 टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मग चौक रुंद करावा का? कोपरा जास्त गोल केला तर ट्रक सहज वळतो, पण मोटारीही वेगाने वळतात आणि पादचाऱ्याला जास्त अंतर ओलांडावे लागते. यावर सोपा उपाय आहे. कोपरा अरुंदच ठेवायचा आणि त्याच्या कडेला किंचित उंच, खडबडीत दगडी पट्टा करायचा. ट्रकची मागची चाके त्यावरून जातात. मोटारी मात्र तो टाळून हळू वळतात. पादचारी थांबतील तो पदपथ या पट्ट्याच्या मागे हवा.

त्याच्या जोडीला दुभाजकात थांबायला सुरक्षित जागा, किमान 1.8 मीटर मोकळा पदपथ, चौकापासून दूर ट्रकतळ आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी अवजड वाहतुकीला विराम हवा. ट्रॉलीमागे परावर्तक पट्ट्या नसतील, तर रात्री कडेला उभी ट्रॉलीही जीव घेते.

रस्ता सुधारेपर्यंत एक नियम घरातल्या प्रत्येकाने पाळावा: वळणाऱ्या ट्रकच्या डावीकडे कधीही शिरू नये. त्याच्या आरशात चालकाचा चेहरा आपल्याला दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही.