ज्यांची गोष्ट, त्यांनाच तिकीट नाही

आफ्रिकान्स म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या सत्ताधाऱ्यांची भाषा, असं मी धरून चालले होते. ॲडम स्मॉल यांच्या ‘कान्ना हे को हेस्तू’ या नाटकाने तो समज मोडला. १९६५ साली प्रसिद्ध झालेलं हे नाटक केपटाऊनच्या ‘कलर्ड’ (वंशभेदी राजवटीने मिश्रवंशीय ठरवलेल्या लोकांच्या) वस्त्यांमधल्या काप्स या आफ्रिकान्सच्याच बोलीत आहे. अनाथ कान्नाला मकीत नावाची बाई वाढवते, घर पोटाला चिमटा घेऊन त्याला शिकवतं. तो कॅनडात इंजिनिअर होतो आणि परततो तो तिच्या अंत्यविधीला. तरीही कान्ना खलनायक वाटत नाही, हेच जास्त बोचतं.

पण ज्यांची ही गोष्ट, त्यांनाच नाट्यगृहाचं दार बंद होतं. केपटाऊनचं निको मलान नाट्यगृह १९७१ साली उघडलं, तेही फक्त गोऱ्यांसाठी. आफ्रिकान्स घरात बोलणाऱ्या कलर्ड प्रेक्षकांना १९७५पर्यंत तिथे प्रवेश नव्हता.

पडद्यावर यान्स राउटेनबाख यांच्या ‘कात्रिना’ने (१९६९) गोरी म्हणून वावरणाऱ्या कलर्ड बाईची गोष्ट मांडली. त्यात भूमिका केलेल्या कातिंका हाइन्स यांनी पुढे ‘फीला से किंट’ (१९८८) दिग्दर्शित केला. त्यात कलर्ड फीलाने वाढवलेलं गोरं पोर सरकारी माणसं हिरावून नेतात. वंशभेदाचा हिशेब आफ्रिकान्स कलावंतांनी त्याच भाषेत मागितला, म्हणून मला हा इतिहास मोलाचा वाटतो.