वाट बंद झाली तरच ॲडव्हांटेज
डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पर्यायी नियमानुसार शत्रूच्या दोन विरुद्ध बाजूंना दोन साथीदार उभे राहिले की ॲडव्हांटेज मिळतो: वीस बाजूंचे दोन फासे टाका, मोठा आकडा धरा. ११ हवे असतील तर शक्यता ५० टक्क्यांवरून ७५ वर जाते. दोन पावलं सरकण्याबद्दल हे फारच झालं! शिवाय खेळातल्या लांडग्यांना कळपामुळे मिळणाऱ्या त्याच फायद्याची किंमत उरत नाही. म्हणून घरच्या टेबलावर नुसतं घेरल्याबद्दल +२ द्यावेत. ॲडव्हांटेज शत्रूची वाट खरोखर बंद झाल्यावरच. इतिहासातलं उदाहरण घ्या: फेब्रुवारी १६६१ मध्ये लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटाने उतरलेला मुघल सरदार कारतलबखान उंबरखिंडीत शरण आला, कारण पुढची-मागची वाट शिवरायांनी अडवली होती. मोकळ्या माळावर त्याच्या मोठ्या फौजेला तोंड फिरवायला जागा तरी मिळाली असती. नियम वाढवले की खेळ रेंगाळतो, हा आक्षेप रास्त आहे. पण इथे चौकोन मोजायचे नाहीत. खेळ चालवणाऱ्याने एवढंच पाहायचं, याला निसटायला जागा आहे का?