दागिने, जुने मुसहफ आणि विमानतळ

आमच्या मालेगावातून (जि. वाशिम) कोणी उमऱ्याला निघाले, किंवा अम्मी-अब्बा आखातात नोकरीला असलेल्या लेकाकडे निघाले, की आठवडाभर घरात बॅगा भरणे चालते. येताना काय आणता येईल हे सगळे विचारतात. इथून नेताना काय नियम आहेत, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

पहिली गोष्ट दागिन्यांची. स्वतःचे दागिने घालून जाण्यास मनाई नाही. प्रश्न येतो तो परतताना. निकाहात मिळालेल्या बांगड्या आपल्याच आहेत, हे तोंडी सांगून भागेलच असे नाही. त्या परदेशात घेतल्याचा संशय आला तर शुल्क मागितले जाऊ शकते. दागिन्यांची शुल्कमुक्त सवलत (महिलांना ४० ग्रॅम, पुरुषांना २० ग्रॅम) वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिलेल्यांसाठी आहे. पंधरा-वीस दिवसांच्या उमऱ्याला ती मिळत नाही. म्हणून जातानाच विमानतळावर कस्टम्स अधिकाऱ्याला दागिने दाखवून ‘एक्सपोर्ट सर्टिफिकेट’ घ्यावे आणि परत येईपर्यंत जपावे. सराफाची पावती व दागिन्यांचे फोटो सोबत असले की काम सोपे होते. त्यासाठी विमानतळावर थोडे लवकर पोहोचावे.

रोख रकमेलाही मर्यादा आहे. भारतीय चलन माणशी २५,००० रुपयांपर्यंतच नेता येते. सौदीत उतरताना रोकड आणि सोन्यासारख्या मौल्यवान वस्तू मिळून ६०,००० रियालची मर्यादा गाठत असतील, तर तिथल्या कस्टम्सला तसे लिहून द्यावे लागते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. आपले वऱ्हाड दीर्घकाळ निजामाच्या मुलखात होते. जुन्या घरांतून आजही त्या काळची नाणी, तांब्याची भांडी, क्वचित हाताने लिहिलेले कुरआन शरीफ निघते. ‘थोरल्याकडे राहू दे’ म्हणून ते बॅगेत ठेवावेसे वाटणे साहजिक आहे. पण पुरावशेष व बहुमोल कलावस्तू कायदा १९७२ चा असून तो ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. त्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी, कलावस्तू आणि ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोल असलेली पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखिते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. वस्तू आपल्याच मालकीची असली तरी हा नियम सुटत नाही. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंड. वस्तू इतकी जुनी नाही असे वाटत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला आधी मिळवावा.

आम्ही एवढेच सुचवू : अशी अमानत घरीच राहू द्या. पानापानाचे फोटो काढून लेकाला पाठवा. कोणी लिहिले, कोणाकडून कोणाकडे आले, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. नातवंडे सुट्टीत मालेगावला आली, की ते त्यांच्या हातात द्या.