मल्टिफेरोइक ऑक्साइड नॅनोसंमिश्र पटल
विद्युत् ध्रुवण टिकवून धरणारे एक ऑक्साइड आणि चुंबकत्व टिकवून धरणारे दुसरे, अशा दोहोंची नॅनोमीटर प्रमाणावर गुंफण असलेल्या पातळ थराला मल्टिफेरोइक नॅनोसंमिश्र पटल म्हणतात. हे दोन्ही गुण एकाच संयुगात, तेही सामान्य तापमानाला, क्वचितच आढळतात. म्हणून दोन पदार्थांची जोडी लावावी लागते.

२००४ मध्ये रामामूर्ती रमेश व त्यांच्या अमेरिकेतील सहकाऱ्यांनी बेरियम टायटॅनेट आणि कोबाल्ट फेराइट यांचे असे पटल प्रसिद्ध केले. लेसरच्या स्पंदांनी उडवलेले मिश्रण तप्त स्ट्राँशियम टायटॅनेट स्फटिकावर साचते. ही ऑक्साइडे एकमेकांत विरघळत नसल्याने आपोआप विलग होतात आणि टायटॅनेटमध्ये फेराइटचे उभे स्तंभ वाढतात. ते कोणी कोरत नाही, हेच यातील नवल. स्तंभांचा व्यास सुमारे २० ते ३० नॅनोमीटर असतो.

विद्युत् क्षेत्राने टायटॅनेटचा आकार किंचित बदलतो, त्याचा ताण स्तंभांवर येतो आणि त्यांचे चुंबकन बदलते. थर एकावर एक रचले, तर खालचा कठीण स्फटिक ही हालचाल रोखतो. उभ्या रचनेत हा अडसर पुष्कळ कमी होतो. मात्र तळापासून माथ्यापर्यंत गेलेल्या त्याच स्तंभांतून विद्युत् प्रवाह गळतो. विद्युत् क्षेत्राने चुंबकीय नोंद लिहिणारी स्मृती घडवण्यातील ही मोठी अडचण आहे.