रस्त्याची लांबी कशावरून सांगता?

रस्ता ही किती साधी वस्तू! तो जमिनीवर पसरलेला असतो, सर्वांना दिसतो आणि जागचा हलत नाही. अशा रस्त्याविषयी ज्ञानकोशात लेख लिहायला कितीसे कष्ट पडणार? लांबी लिहावी, वाटेत लागणारी गावे लिहावीत, कधी बांधला ते लिहावे, की झाले काम! तुम्हालाही असेच वाटत असेल, तर इंग्लंडमधील एका रस्त्याची हकीकत ऐका.

लंडन शहराला वळसा घालणारा एक द्रुतगती मार्ग आहे. त्याचे नाव एम २५. यातले ‘एम’ हे अक्षर ‘मोटरवे’ या शब्दाचे. आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारखाच हा रस्ता वेगाने धावणाऱ्या वाहनांसाठी राखून ठेवलेला आहे. त्याचा पहिला तुकडा १९७५ साली खुला झाला. पुढे तुकड्याला तुकडा जोडला जात २९ ऑक्टोबर १९८६ रोजी त्या वेळच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी शेवटच्या भागाचे उद्घाटन केले. रस्त्याची लांबी ११७ मैल, म्हणजे सुमारे १८८ किलोमीटर.

या रस्त्यावर विकिपीडिया या इंटरनेटवरील ज्ञानकोशात एक मोठा लेख आहे. तो कोणा एका तज्ज्ञाने लिहिलेला नाही. अनेक माणसांनी तो थोडाथोडा लिहिला, एकमेकांच्या चुका दुरुस्त केल्या आणि आजही करत आहेत. यांतले बहुतेक जण एकमेकांना कधी भेटलेलेही नसतात.

हे काम चालते कसे?

वाचकालाच पान बदलता यावे, ही कल्पना अमेरिकेतील वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली प्रत्यक्षात आणली. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे झटपट. तोच शब्द त्यांनी उचलला. पुढे १५ जानेवारी २००१ रोजी जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी याच कल्पनेवर विकिपीडिया सुरू केला.

तुम्ही विचाराल, “कोणीही यावे आणि काहीही लिहावे, मग गोंधळ होणार नाही का?” होतोच. पण तो निस्तरण्याची सोयही केलेली आहे. प्रत्येक लेखाला एक ‘इतिहास’ असतो. कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला याची नोंद तेथे राहते. कोणी खोडसाळपणे भलतेच काही लिहिले, तर दुसरा माणूस जुनी प्रत क्षणात परत आणू शकतो. लेखाला जोडून ‘चर्चापान’ असते. मतभेद झाले की तेथे वाद घालायचा. शिवाय ज्याला एखाद्या लेखाची काळजी आहे तो तो लेख आपल्या ‘पहाऱ्याच्या यादीत’ ठेवतो, म्हणजे लेखात काही बदल झाला की त्याला कळते. एकाच माणसाने चोवीस तासांत एकाच लेखात इतरांचे बदल तीनपेक्षा जास्त वेळा उलटवू नयेत, असा इंग्रजी विकिपीडियाचा नियमही आहे. पुसापुशीच्या भांडणाला त्यामुळे आवर बसतो.

पण ही झाली यंत्रणा. खरा प्रश्न पुढे आहे. दोन माणसे दोन गोष्टी सांगत असतील, तर खरे कोणाचे मानायचे?

वर्तुळ पुरे होते का?

समजा, एकाने लिहिले, ‘एम २५ हा लंडनला संपूर्ण प्रदक्षिणा घालणारा रस्ता आहे.’ दुसऱ्याने ‘संपूर्ण’ हा शब्द खोडला. बरोबर कोण?

नकाशा पाहिला तर पहिला बरोबर वाटतो. लंडनभोवती एक वेडेवाकडे वर्तुळ दिसते. पण पूर्वेकडे डार्टफर्ड येथे हा मार्ग थेम्स नदी ओलांडतो, त्या टापूवर रस्त्याचे अधिकृत नाव एम २५ नाही. ते आहे ए २८२. तेथे नदीखाली दोन बोगदे आहेत, एक १९६३ सालचा आणि दुसरा १९८० सालचा. १९९१ साली नदीवर मोठा पूलही झाला. तेव्हापासून उत्तरेकडे जाणारी वाहने बोगद्यांतून आणि दक्षिणेकडे जाणारी पुलावरून जातात.

मग या तुकड्याचे नाव वेगळे का? कारण ‘एम’ रस्त्यावर काही वाहनांना मनाई असते, उदाहरणार्थ अगदी लहान इंजिनाच्या दुचाकींना. नदी ओलांडण्याची जागाच ‘एम’ रस्ता झाली असती, तर त्या वाहनांना तेथून पलीकडे जाता आले नसते. म्हणून तेवढा भाग साधा रस्ता ठेवला.

तेव्हा दुसरा माणूस बरोबर ठरतो. वाहन वर्तुळ पुरे करते, पण एम २५ हे नाव वर्तुळ पुरे करत नाही. येथे वाद रस्त्याविषयी नव्हताच, व्याख्येविषयी होता. शास्त्रातले कितीतरी वाद असेच असतात. आधी व्याख्या ठरवावी लागते, मगच मोजमापाला अर्थ येतो.

कोणती लांबी?

आता लांबीचा विचार करू. शाळेच्या मैदानावर चारशे मीटरची शर्यत तुम्ही पाहिली असेल. बाहेरच्या पट्टीतल्या धावकाला आतल्यापेक्षा पुढे उभे करतात, कारण बाहेरची फेरी मोठी असते. एम २५ चेही तसेच आहे. इंग्लंडमध्ये आपल्यासारखीच वाहने डावीकडून चालतात. त्यामुळे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जाणारे वाहन बाहेरच्या बाजूने जाते आणि उलट दिशेचे आतल्या बाजूने. दोघांच्या फेरीत किती फरक पडेल?

गणित सोपे आहे. वर्तुळाचा परीघ म्हणजे २ × π × त्रिज्या. बाहेरच्या आणि आतल्या बाजूंतील अंतर २० मीटर धरू. मग परिघांतील फरक २ × ३.१४ × २०, म्हणजे सुमारे १२६ मीटर. गंमत पाहा, या उत्तरात मोठ्या वर्तुळाची त्रिज्या आलीच नाही! रस्ता लंडनभोवती असो की तुमच्या गावच्या तळ्याभोवती, दोन बाजूंतील अंतर २० मीटर असेल तर फरक तेवढाच.

म्हणजे लांबी सांगताना कोणत्या बाजूची, हेही सांगायला हवे का? येथे आणखी एक हिशोब करा. ‘११७ मैल’ हा आकडा पूर्ण मैलात दिलेला आहे. खरी लांबी ११६.५ ते ११७.५ मैलांच्या मध्ये कोठेही असू शकते. अर्धा मैल म्हणजे सुमारे ८०० मीटर. १२६ मीटरचा फरक त्यात सहज बुडून जातो. म्हणून बाजूंचा वाद घालण्याची गरज नाही.

पण याच कारणाने आणखी एक सावधगिरी घ्यावी लागते. एखादा उत्साही लेखक ११७ ला १.६०९३४४ ने गुणतो आणि लिहितो, ‘लांबी १८८.२९३ किलोमीटर.’ गुणाकार बरोबर आहे, पण विधान चूक आहे. शेवटचा आकडा मीटर दाखवतो आणि आपल्याला तर शेकडो मीटरांचीही खात्री नाही! प्रयोगवहीत दहा दशांश स्थळे लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत हेच सांगत असतो. मोजमापात जेवढा बारकावा होता तेवढाच उत्तरात असावा. म्हणून चांगल्या लेखात ‘१८८ किलोमीटर’ एवढेच लिहिलेले असते.

मीच मोजले तर?

येथे एखादा हुशार वाचक म्हणेल, “एवढा खटाटोप कशाला? मोटारीने एक फेरी मारावी आणि मीटर वाचावा!”

कल्पना वाईट नाही. पण मोटारीचा मीटर अंतर मोजत नाही, तो चाकाचे फेरे मोजतो. समजा, नव्या चाकाचा व्यास ६० सेंटिमीटर आहे आणि टायर झिजून त्याची जाडी ६ मिलिमीटरने कमी झाली आहे. मग व्यास १२ मिलिमीटरने, म्हणजे दोन टक्क्यांनी घटला. तेवढेच अंतर कापायला चाक जास्त फेरे घेणार आणि १८८ किलोमीटरला मीटर ढोबळमानाने १९२ दाखवणार. चार किलोमीटरची चूक केवळ झिजलेल्या रबरामुळे!

विकिपीडियाचा एक नियम असा आहे की आपले स्वतःचे, कोठेही प्रसिद्ध न झालेले संशोधन लेखात घालायचे नाही. मैलांचे किलोमीटर करणे असे साधे गणित चालते, पण स्वतः मोजलेला आकडा चालत नाही. हा नियम प्रथम विचित्र वाटतो. आम्ही तर तुम्हाला रोज सांगतो, स्वतः प्रयोग करा! पण विचार करा, तुमचा टायर किती झिजला होता हे दूरदेशीच्या वाचकाला कसे कळणार? प्रसिद्ध झालेला अहवाल तो उघडून पाहू शकतो. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या विधानापुढे संदर्भ द्यायचा. नसेल तर तेथे कोणीतरी ‘संदर्भ हवा’ अशी खूण करतो. ‘मला माहीत आहे’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. वाचकाला ते तपासता आले पाहिजे.

न बिघडवताही बिघडणारा लेख

घर झाडले नाही तर धूळ साचते. लेखाचेही तसेच. एम २५ ची देखभाल करणाऱ्या सरकारी संस्थेचे नाव १९९४ पासून ‘हायवेज एजन्सी’ होते. २०१५ साली ते ‘हायवेज इंग्लंड’ झाले आणि २०२१ साली ‘नॅशनल हायवेज’. डार्टफर्डला पूर्वी नाक्यावर थांबून पथकर भरावा लागे. २०१४ च्या नोव्हेंबरपासून ते नाके बंद झाले आणि पैसे फोनवरून किंवा इंटरनेटवरून भरण्याची पद्धत आली. मार्च २०२४ मध्ये एका पुलाच्या कामासाठी या रस्त्याचा एक भाग शनिवार-रविवार पूर्ण बंद ठेवला गेला. दिवसाढवळ्या ठरवून असे करण्याची १९८६ नंतरची ती पहिलीच वेळ.

यांतील प्रत्येक घटनेने लेखातले एखादे खरे वाक्य खोटे केले. कोणी खोडी काढली नव्हती, काळ पुढे गेला होता. छापील कोशाला यासाठी नव्या आवृत्तीची वाट पाहावी लागते. येथे ती पाहावी लागत नाही, पण कोणीतरी जागे राहावे लागते. आणि दुरुस्ती करणाऱ्यानेही ‘सध्या’ असे न लिहिता ‘२०२१ पासून’ असे लिहावे. ‘सध्या’ हा शब्द लवकर शिळा होतो, सनावळी होत नाही.

आपलीच सावली आपल्याला साक्षीदार

या सर्व व्यवस्थेला एक मोठा धोका आहे. तो समजून घ्या.

दक्षिण अमेरिकेत कोआटी नावाचा लांब नाकाचा एक प्राणी आहे. २००८ साली एका अमेरिकन विद्यार्थ्याने गंमत म्हणून त्याच्यावरील लेखात लिहिले की या प्राण्याला ‘ब्राझीलचा आर्डवार्क’ असेही म्हणतात. आर्डवार्क हा आफ्रिकेतला अगदी वेगळा प्राणी. नाव संपूर्ण बनावट होते. पण काही वर्तमानपत्रांनी ते विकिपीडियावरून उचलले. मग लेखाला संदर्भ म्हणून तीच वर्तमानपत्रे मिळाली! २०१४ साली हा प्रकार उघड झाला, तोपर्यंत ते नाव विद्यापीठाने छापलेल्या एका पुस्तकातही जाऊन बसले होते.

म्हणजे पाहा, खोट्याने जन्म घेतला, बाहेर फिरून आला आणि स्वतःचीच साक्ष देऊ लागला. रस्त्याच्या लांबीचेही असे होऊ शकते. दहा ठिकाणी एकच आकडा आढळला, तर साक्षीदार दहा असतीलच असे नाही. दहाही जणांनी एकाच जागेवरून उतरवून घेतले असेल, तर साक्षीदार एकच! वर्गात एकाच्या वहीवरून दहा जणांनी उतरवलेले चुकीचे उत्तर दहापटीने बरोबर ठरते का?

मग या कोशावर विश्वास ठेवावा की नाही? ‘नेचर’ या प्रसिद्ध नियतकालिकाने २००५ साली विज्ञानाच्या ४२ विषयांवरील लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले. विकिपीडियाच्या लेखात सरासरी सुमारे चार चुका निघाल्या आणि ब्रिटानिकाच्या लेखात सुमारे तीन. ब्रिटानिकाने या तपासणीच्या पद्धतीवर कडक आक्षेप घेतले, हेही सांगितले पाहिजे. पण तुमच्या-आमच्यासाठी बोध एवढाच की निर्दोष कोणीच नव्हते. छापलेले आहे म्हणून खरे नाही आणि सर्वांनी मिळून लिहिले म्हणून खोटेही नाही.

तुमच्यासाठी काम

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यावर आपल्याकडील रस्त्यांचेही लेख आहेत आणि त्यांना लक्ष देणारी माणसे हवी आहेत. आपल्या देशातील राष्ट्रीय महामार्गांना २०१० साली नवे क्रमांक देण्यात आले. मुंबई-पुणे-बंगळूर हा पूर्वीचा ‘चार नंबर’ आता राष्ट्रीय महामार्ग ४८ मध्ये येतो. पनवेलहून कोकण-गोव्याकडे जाणारा ‘सतरा नंबर’ आता ६६ झाला. लोकांच्या तोंडी मात्र जुनेच आकडे आहेत.

तुमच्या गावाजवळून जाणाऱ्या महामार्गाचा लेख शिक्षकांच्या किंवा पालकांच्या मदतीने उघडा. त्यातली पाच विधाने वहीत लिहून काढा. प्रत्येकापुढे लिहा : संदर्भ आहे का? तो कोणत्या सालचा? तो स्वतंत्र आहे, की याच लेखावरून उतरवलेला? आकडा कोणत्या टोकापासून कोणत्या टोकापर्यंतचा आहे? ज्या विधानाला आधार सापडणार नाही, त्यासाठी ग्रंथालयात किंवा सरकारी अहवालात शोध घ्या. आधार मिळाला तर तो लेखात घाला. नाही मिळाला, तर चर्चापानावर नम्रपणे विचारा, “हे कशावरून?”